दारांतला बर्फ कोठें अडतो?



फ्रीजच्या दारांत एक खोबण असते. तींतील पट्टी पेल्यानें दाबली कीं वरून बर्फाचे खडे पेल्यांत पडतात. एके दिवशीं पट्टी दाबावी आणि कांहींच पडूं नये, असें झालें म्हणजे ‘फ्रीज बिघडला’ अशी हाकाटी घरांत सुरू होते. वस्तुतः दूध थंड असतें, भाजी ताजी असते, फ्रीजरमधील मटार दगडासारखे घट्ट असतात. बिघडलेला असतो तो फ्रीज नव्हे, तर त्याच्या पोटांत बसविलेलें एक निराळेंच लहानसें यंत्र. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें दोन प्रकारचें नुकसान होतें. एक पैशाचें. जेथें कोमट पाण्यानें धुतलेली बादली पुरली असती, तेथें सबंध यंत्र बदललें जातें. दुसरें अंगावर येणारें. कोणी उत्साही गृहस्थ सुरी घेऊन गोठलेल्या बर्फावर घाव घालूं लागतात, आणि जो फ्रीज बिघडला नव्हता तो खरोखरच बिघडवून ठेवतात. प्रसंगीं स्वतःचा हातहि दुखावून घेतात.

ह्या यंत्राची परीक्षा घरच्या घरीं कशी करावी, त्यांतील काय आपल्या हातानें दुरुस्त होतें आणि कोठें हात आंखडता घ्यावा, हें आज सांगावयाचें आहे. फ्रीज ह्या शब्दाऐवजीं ‘शीतकपाट’ हा शब्द कोशांत शोभून दिसतो. पण दुकानांत जाऊन तो उच्चारणारा ग्राहक मला अद्याप भेटावयाचा आहे. तेव्हां मी फ्रीज असेंच म्हणणार, आणि मोटार, फिल्टर, व्हॉल्व्ह ह्या शब्दांनाहि मराठी पागोटें घालण्याच्या भानगडींत पडणार नाहीं.

विकत घेण्याची वस्तु म्हणून दूरदेशींचा बर्फ आपल्याकडे आला तो समुद्रावरून. १८३३ सालीं ‘टस्कनी’ नांवाचें जहाज अमेरिकेंतील बोस्टन बंदरांतून बर्फ भरून निघालें आणि सुमारें चार महिन्यांनीं कलकत्त्यास पोंचलें. निघतांना १८० टन बर्फ होता. त्यांतील सुमारें १०० टन शिल्लक उरला. पुढें मुंबईसहि असा बर्फ येऊं लागला व तो सांठविण्यास बर्फाची कोठी बांधावी लागली. त्या व्यापाराची सारी मदार दोन गोष्टींवर होती. बाहेरची उष्ण हवा बर्फास लागूं द्यावयाची नाहीं, आणि एकदां सुटलेलें पाणी बर्फांत सांठूं द्यावयाचें नाहीं. फ्रीजच्या दारांतील बर्फाचे शत्रूहि आज तेच दोन आहेत, हें पुढें दिसेलच. स्वतःच पाणी घेऊन बर्फ करणारें आणि तो टोपलींत टाकणारें घरगुती यंत्र मात्र बरेंच अलीकडचें. अमेरिकेंतील सर्व्हेल कंपनीनें तें १९५३ सालीं बाजारांत आणलें, आणि दारांतून पेल्यांत बर्फ देण्याची सोय त्याच्याहि नंतरची.

आतां पाणी नळापासून पेल्यापर्यंत कसें येतें तें पाहूं. ह्या वाटेवर चार मुक्काम आहेत.

फ्रीजच्या पाठीमागें नळाची एक बारीक नळी येते. तेथें विजेनें उघडणारा व्हॉल्व्ह असतो. हा पहिला मुक्काम. यंत्राचा हुकूम झाला कीं तो थोडे सेकंद उघडतो, आणि ठराविक पाणी भरणनळींतून सांच्यांत पडतें. साध्या अमेरिकन धर्तीच्या यंत्रांत हें पाणी सुमारें १४० घनसेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक लहान पेलाभर, असतें. सांचा हा दुसरा मुक्काम. फ्रीजरच्या थंड हवेनें तेथें पाणी गोठतें. सांच्यास चिकटविलेला उष्णता ओळखणारा तुकडा ‘बर्फ झाला’ असें कळवितो, तेव्हां कांहीं यंत्रांत सांच्याखालील तार थोडा वेळ तापून खड्यांची पकड सैल करते व फिरते दांडे त्यांस बाहेर लोटतात. दुसऱ्या जातीच्या यंत्रांत प्लॅस्टिकचा सांचाच उलटा होऊन पिळला जातो, आपण हातानें बर्फाचा ट्रे पिळतों अगदीं तसा. खडे बादलींत पडतात. हा तिसरा मुक्काम. बादलीवर एक तारेचा दांडा टेकलेला असतो. बर्फाची रास वाढून तो दांडा खालीं येईनासा झाला कीं बादली भरली असें यंत्र समजतें आणि थांबतें. नव्या यंत्रांपैकीं कांहींत दांड्याऐवजीं अदृश्य किरणांनीं हीच पाहणी होते.

चौथा मुक्काम दाराचा. बादलीच्या तळाशीं एक लांब मळसूत्र आडवें पडलेलें असतें. मोटारीनें तें फिरलें कीं खडे पुढें सरकत येतात, जसे पिठाच्या गिरणींत कांहीं ठिकाणीं दाणे सरकविले जातात. पुढच्या तोंडाशीं पोलादी पातीं असतात. पुष्कळ यंत्रांत मळसूत्र एका दिशेनें फिरलें तर अखंड खडे बाहेर येतात आणि उलट दिशेनें फिरलें तर ते पात्यांवर आपटून त्यांचा चुरा होतो. तेथून खडे दारांतील पन्हळींत पडतात. ह्या पन्हळीच्या तोंडावर एक लहानशी झडप असते. पट्टी दाबतांच ती उघडते, आणि पेला काढून घेतल्यावर कांहीं सेकंद थांबून खट् असा आवाज करून मिटते. मागें राहिलेला एखादा खडा घरंगळून यावा म्हणून हा विलंब मुद्दाम ठेवलेला असतो. तो दोष नव्हे.

ह्या प्रवासांत एक खुबी आहे, आणि सारी परीक्षा तिच्यावर अवलंबून आहे. लक्षण जेथें दिसतें तेथें रोग क्वचितच असतो. तो बहुधा एखादा मुक्काम मागें असतो. पेल्यांत बर्फ पडत नाहीं, कारण बादलींत गठ्ठा झाला आहे. गठ्ठा झाला, कारण खडे पोकळ पडत होते. खडे पोकळ, कारण पाणी कमी होतें. अशा वेळीं पुढची मोटार बदलून काय होणार? म्हणून पाणी ज्या दिशेनें येतें तिच्या उलट, पेल्याकडून नळाकडे, एकेक मुक्काम तपासत जावें.

निघण्यापूर्वीं दोन गोष्टी पाळावयाच्या आहेत. बादलीच्या जागेंत हात घालण्यापूर्वीं भिंतींतील प्लग काढलाच पाहिजे. दार उघडलें कीं मोटार थांबावी म्हणून चौकटींत एक बटण बसविलेलें असतें. आंत काय चाललें आहे हें पाहण्यासाठीं तें बटण एका हाताच्या बोटानें दाबून धरावयाचें आणि दुसरा हात मळसूत्राजवळ न्यावयाचा, असें करणारे लोक आहेत. बर्फ फोडणारीं पातीं बर्फ आणि बोट ह्यांत भेद करीत नाहींत. दुसरी गोष्ट, पाण्याच्या नळीस हात लावण्यापूर्वीं तिची चावी बंद करावी, आणि फ्रीजमागील फरशी ओली असेल तर ती कोरडी झाल्यावांचून प्लगला स्पर्श करूं नये.

पेल्यापाशीं उभें राहिलें म्हणजे पहिला साक्षीदार आपला कान. पट्टी दाबा आणि ऐका. कांहींच आवाज येत नाहीं, किंवा मोटार मोकळी फिरते पण खडा येत नाहीं, किंवा मोटार नुसती कण्हत राहते, ह्या तिहींपैकीं एक गोष्ट घडते.

कांहींच आवाज नसेल तर पहिला संशय कुलपावर घ्यावा. लहान मुलांनीं बर्फाचा पाऊस पाडूं नये म्हणून दारावरील बटणांत एक कुलपाचें बटण असतें. बहुतेक फ्रीजमध्यें तें तीनएक सेकंद दाबून धरलें कीं लागतें वा उघडतें. दार पुसतांना फडक्याचा दाब तेवढा वेळ पडला, कीं यंत्र जिवंत असून मेल्यासारखें होतें. त्यानंतर फ्रीजरचें दार पुरतें लागलें आहे ना तें पाहावें. आंतल्या पातेल्याचा कान अर्धा बोट पुढें आला तरी चौकटींतील बटण दाबलें जात नाहीं आणि मोटार संपावर जाते. मग पट्टी हलकेच दाबून तिच्यामागें बारीक ‘टक्’ असा आवाज येतो कीं नाहीं तें ऐकावें. येत नसेल, तर तेथील बटण चिकटलें असण्याचा संभव आहे. सरबताचे शिंतोडे वाळून साखरेची लुकण तयार होते. प्लग काढून, कोमट पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें ती पुसून काढली कीं पुष्कळदां पट्टी पुन्हा बोलूं लागते. इतकें करूनहि शांतता असेल तर बिजागरींतून जाणाऱ्या तारा, बटण अथवा मोटार ह्यांपैकीं कांहीं तुटलें आहे, आणि तें काम कारागिराचें.

मोटार मोकळी फिरत असेल तर बादलीच रिकामी आहे का तें आधीं पाहावें. हें सांगणें पोरकट वाटेल. पण चार पाहुण्यांनंतर बादली रिकामी होणें हाच सर्वांत सामान्य ‘बिघाड’ आहे. बादली भरलेली असून खडे येत नसतील, तर ती धुऊन परत बसवितांना मोटारीच्या टोकाचा दांडा आणि बादलीमागील खांच ह्यांची जुळणी राहिली असावी. अशी बादली नीट आंत बसत नाहीं, बोटभर पुढें राहते. प्लग काढून मोटारीकडील दांडा हातानें पाव फेरा फिरविला कीं ती खट्कन जागीं जाते.

कण्हणारी मोटार म्हणजे गठ्ठा. आपल्याकडे तरी ह्या एका दुखण्यानेंच दारांतील बर्फ सर्वांत अधिक वेळां अडत असावा. वीज बराच वेळ गेली कीं खड्यांचे कोपरे ओले होतात. ती परत आली कीं हे ओले कोपरे एकमेकांस चिकटून गोठतात. फ्रीज आपल्या आंतील हिंव वितळविण्यासाठीं अधूनमधून थोडी ऊब घेतो, तिचाहि थोडा परिणाम होतो. ज्या घरांत बर्फ रोज वापरला जातो तेथें खडे हलत राहतात व जुळत नाहींत. ज्या घरांत तो पंधरा-पंधरा दिवस तसाच पडून राहतो तेथें बादलींत एकच शिळा तयार होते. शिवाय जुना बर्फ न वितळतांहि हळूहळू हवेंत विरून लहान होतो, आणि शेजारच्या मासळीचा वा चिरलेल्या कांद्याचा वास उचलतो. माझें मत विचाराल तर ज्यांस हिंवाळ्यांत बर्फ लागत नाहीं त्यांनीं तेवढे महिने यंत्र बंद ठेवावें, बादली रिकामी करून कोरडी ठेवावी, आणि क्वचित् लागेल तेव्हां साधा ट्रे वापरावा.

गठ्ठा काढण्याचा उपाय एकच. प्लग काढून बादली बाहेर घ्यावी, मोरींत पालथी करावी, आणि कोमट पाणी ओतून बर्फ सुटूं द्यावा. घाई करूं नये, हातोडी आणूं नये. कोपऱ्यांतला, मळसूत्रामागचा आणि पात्यांमधला बर्फ गेला म्हणजे बादली पुसून सावलींत पुरती वाळवावी. हें वाळविणें लोक गाळतात. ओली बादली फ्रीजरमध्यें ठेवली कीं तळाचें पाणी मळसूत्रास जखडून गोठतें, आणि संध्याकाळीं तीच मोटार पुन्हा कण्हूं लागते. यंत्र गेलें असें म्हणून लोक तेव्हां कारागिरास बोलावतात. गेलेलें असतें तें फडकें फिरविण्याचे दोन मिनिटांचे श्रम.

बादली रिकामी करतांना मूठभर खडे बशींत घेऊन फोडून पाहावेत. बर्फ स्वतःच आपल्या मागच्या मुक्कामाची हकीकत सांगतो. खडा मधोमध पांढुरका दिसला तर घाबरूं नये. पाणी बाहेरून आंत गोठत जातें, त्यांतील हवा व क्षार आंत ढकलले जातात व मध्यभागीं कोंडले जातात. इतकाच त्याचा अर्थ. परंतु खडा पोकळ असेल आणि आंत पाणी असेल, तर तो पुरता गोठण्यापूर्वींच बाहेर लोटला गेला आहे. असा खडा बादलींत पडतांना फुटतो, आंतलें पाणी शेजाऱ्यांवर पसरतें, आणि गठ्ठ्याचा पाया घातला जातो. खडे पातळ, अर्ध्या आकाराचे असतील तर सांच्यांत पाणीच कमी येत आहे. आणि बादलींत खड्यांऐवजीं सपाट लाद्या सांपडल्या तर पाणी सांच्याबाहेर सांडत आहे. मग फ्रीज एका बाजूस कलला आहे का तें पाहावें, अथवा व्हॉल्व्ह गळतो असें समजावें.

मागें जाण्यापूर्वीं दारांतील झडपेकडे एकदां पाहून घेऊं. ती नीट मिटत नसली तर घरांतील दमट हवा पन्हळीवाटे आंत शिरते. कोंकणांत आणि मुंबईस पावसाळ्यांत ह्या हवेंत पाण्याचा अंश इतका असतो कीं दोन दिवसांत पन्हळीस हिंवाची दाढी फुटते आणि खालच्या तबकांत थेंब सांचूं लागतात. तोंडाशीं अडकलेली बर्फाची एखादी चीप पुष्कळदां ह्याचें कारण असते. हाताची मागची बाजू ओली करून, झडप मिटलेली असतांना खोबणींत धरावी. गार झुळूक लागली तर झडप उघडी आहे. कोमट फडक्यानें तिची कड आणि रबर पुसावें, चीप काढावी, पुन्हा हात धरून पाहावा. रबर फाटलें असेल तर तें बदलण्यावांचून गति नाहीं. पण तो लहानसा भाग आहे, आणि त्यासाठीं सबंध दार बदलावें लागेल असें कोणी म्हणाला तर दुसऱ्याचें मत घ्यावें.

आतां बर्फच तयार होत नाहीं अशी स्थिति घेऊं. तारेचा दांडा कोणाच्या हातून वर ढकलला जाऊन ‘बंद’ स्थितींत अडकला आहे का, अथवा यंत्राचें बटण बंद आहे का, हें आधीं पाहावें. मग फ्रीजरची थंडी. साधा थर्मामीटर गोठलेल्या पाकिटांच्या मध्यें एक दिवस ठेवावा. तो शून्याखालीं १८ अंशांच्या आसपास असावा. पारा उणे १२ अंशांच्या वर राहत असेल तर बर्फ अतिशय सावकाश होईल, किंवा तुकडा ‘बर्फ झाला’ असें कधींच कळविणार नाहीं. उन्हाळ्यांत ही तक्रार कां वाढते, तें थोड्या हिशेबानें कळेल. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून शून्यावर आणावयास ३० कॅलरी उष्णता काढावी लागते. पण त्याच शून्य अंशाच्या पाण्याचा शून्य अंशाचा बर्फ करावयास आणखी सुमारें ८० कॅलरी. म्हणजे खरें काम गोठविण्याचें आहे, आणि भर उन्हांत तापलेल्या टांकीचें पाणी आलें तर त्यांत आणखी भर पडते. दार वारंवार उघडलें, गरम पातेलें आंत ठेवलें, मागची जाळी धुळीनें भरली, कीं यंत्र मागें पडतें. बादली एकदां रिकामी झाली तर ती पुन्हा भरण्यास एक दिवस लागूं शकतो, आणि त्यांत बिघाड कांहींच नसतो.

थंडी ठीक आहे आणि सांचा कोरडा आहे, तर मग पाण्याकडे वळावें. येथें आपल्या घरांची गोष्ट हें यंत्र जेथें जन्मलें त्या देशाहून वेगळी आहे. अमेरिकेंत गांवचें पाणी बहुधा दाबासह थेट घरांत येतें. आपल्या शहरांतील इमारतींत तें गच्चीवरील टांकींतून उतरतें, आणि दाब किती हें टांकी किती उंच ह्यावर ठरतें. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलो भरतो. पुष्कळ फ्रीजच्या पुस्तिकांत किमान दाब चौरस इंचास २० पौंड मागितलेला असतो, कांहींत त्याहून अधिक. २० पौंड म्हणजे सुमारें १४ मीटर उंचीचें पाणी. एक मजला तीन मीटरांचा धरला तर टांकीच्या खालीं चार-पांच मजले उतरल्यावर कोठें हा दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घरांत फ्रीज कितीहि उत्तम असो, पंपावांचून त्यास पुरेसें पाणी मिळणें कठीण. हा हिशेब फ्रीज घेतांना दुकानांत कोणी सांगत नाहीं. पाणी शुद्ध करणाऱ्या भिंतीवरील यंत्राच्या टांकीपासून नळी काढून ती फ्रीजला जोडण्याची चाल आहे, तिच्यांत तर दाब नांवालाहि नसतो. तेथें लहान पंप लागतोच. ज्या फ्रीजमध्यें हातानें भरावयाची टांकी असते त्यांना ही चिंता नाहीं. त्यांत टांकी रिकामी नाहीं आणि ती शेवटपर्यंत आंत ढकलली आहे, एवढें पाहिलें म्हणजे झालें.

दाब पुरेसा असूनहि पाणी कमी येत असेल तर फिल्टर पाहावा. तो साधारणतः सहा महिन्यांनीं बदलावयाचा असतो, आणि कूपनलिकेच्या जड पाण्यावर त्याहूनहि लवकर भरतो. त्याची परीक्षा सोपी आहे. ज्या फ्रीजच्या दारांतून पाणीहि येतें तेथें दहा सेकंदांत पेला किती भरतो त्यावर खूण करावी. मग फिल्टर काढून, त्याच्या जागीं बसविण्याचें बूच फ्रीजबरोबर आलें असल्यास तें लावून, पुन्हा दहा सेकंद पाणी घ्यावें. खूण बरीच वर गेली तर दोषी सांपडला. दोन्ही वेळां सारखेंच कमी पाणी आलें, तर भिंतीजवळील चावी अर्धवट बंद आहे का, फ्रीज मागें सरकवितांना नळी मुडपली आहे का, तें पाहावें.

आतां एक गोष्ट सांगतों, ती प्रथम ऐकतांना उलटी वाटते. पाण्याचा दाब कमी असला तर पाणी कमी यावें हें कोणासहि पटेल. पण कमी दाबानें पाणी गळतेंहि. ह्या व्हॉल्व्हमध्यें एक रबरी पडदा असतो आणि तो पाण्याच्याच दाबानें आपल्या बैठकीवर दाबून बसतो. वीज मिळाली कीं विद्युच्चुंबक मधला बारीक खिळा उचलतो, पडद्यामागील दाब मोकळा होतो आणि पाण्यास वाट मिळते. वीज थांबली कीं मागें पुन्हा दाब सांठतो आणि पडदा बसतो. दाबच अपुरा असला तर तो घट्ट बसत नाहीं. बैठकीवर रेतीचा कण वा क्षाराचा पापुद्रा आला तरी तेंच होतें. मग एकेक थेंब भरणनळींत उतरत राहतो. वेगानें आलेलें पेलाभर पाणी नळींत गोठण्यापूर्वींच सांच्यांत पडतें. रेंगाळणारा थेंब मात्र नळीच्या तोंडाशींच गोठतो. रात्रभरांत तेथें बर्फाचें बूच तयार होतें, आणि सकाळीं यंत्र पाणी मागतें तेव्हां पाण्यास वाट नसते. वरून पाहणारास वाटतें कीं पाणी येत नाहीं म्हणून व्हॉल्व्ह उघडत नसावा. खरी तक्रार तो मिटत नाहीं ही असते.

ह्याची खात्री करावयाची असेल तर यंत्र बंद करावें, सांच्यांतील बर्फ काढून तो फडक्यानें कोरडा करावा, आणि कांहीं तासांनीं पाहावें. हुकूम नसतांना सांच्यांत पाणी अथवा नवा बर्फ आढळला तर व्हॉल्व्ह गळतो आहे. नळीचें बूच काढण्यास प्लग काढून, नळाची चावी बंद करून, खालीं फडकीं पसरावींत, आणि सुई नसलेल्या औषधी पिचकारींत कोमट पाणी घेऊन तें नळीच्या तोंडांत थोडें थोडें सोडावें. तीच उतरलेली पाणी सांच्यांतून टिपून घ्यावें. उकळतें पाणी वापरूं नये. थंडीनें कडक झालेलें प्लॅस्टिक तडकतें. नळीपर्यंत हात पोंचत नसेल तर जिन्नस दुसरीकडे हलवून, प्लग काढून, रात्रभर दार उघडें ठेवणें हा सावकाश पण निर्धोक मार्ग. मात्र बूच काढलें आणि दाब किंवा व्हॉल्व्ह तसाच राहिला, तर तें आठवड्याभरांत पुन्हा बसेल.

कोणत्याहि मुक्कामावर सुरी, खिळा, स्क्रू-ड्रायव्हर असें टोंकदार कांहीं बर्फावर चालवूं नये, ह्याचें कारण आतां सांगतों. फ्रीजरच्या भिंतीमागें थंडी वाहून नेणाऱ्या पातळ नळ्या असतात. आजच्या पुष्कळ घरगुती फ्रीजमध्यें त्यांत आयसोब्युटेन वायु भरलेला असतो, आणि तो पेट घेणारा आहे. नळीस छिद्र पडून फुस् असा आवाज आला, तर विजेचें कोणतेंहि बटण न दाबतां खिडक्या उघडाव्यात, जवळपास ज्योत पेटवूं नये, आणि कारागिरास बोलवावें. ह्या बंद नळ्या, दारांतील तारा, मागील बाजूची विजेची जोडणी आणि आंतील पाटी, इतक्या गोष्टी घरच्या दुरुस्तीच्या हद्दीबाहेरच्या समजाव्यात. व्हॉल्व्ह बदलणें हें कामहि, नळकामाची संवय नसेल तर, दुसऱ्यावर सोंपविलेलें बरें. जोडणींतून रात्रीं बारीक गळती सुरू झाली तर सकाळीं स्वयंपाकघर पाण्यांत असतें, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी दारांत.

कारागीर आला म्हणजे ‘बर्फ येत नाहीं’ एवढेंच सांगूं नये. मोटार फिरते कीं कण्हते, खडे पोकळ कीं पातळ, थर्मामीटर किती दाखवितो, फिल्टरसह आणि फिल्टरवांचून पेला किती भरला, हें कागदावर लिहून त्याच्या हातीं द्यावें. असा कागद पाहिल्यावर चांगल्या कारागिराचा अर्धा तास वांचतो. आणि जो तो न वाचतांच ‘सगळें यंत्र बदलावें लागेल’ असें म्हणतो, त्यास निरोप देण्यास आपणांस आधार मिळतो.

दुरुस्ती झाल्यावर यंत्रास चोवीस तास द्यावेत. पाणी भरण्याचें किंवा परीक्षेचें बटण उतावीळपणें पुनःपुन्हा दाबूं नये. भरलेल्या सांच्यांत दुसऱ्यांदा पाणी पडून तें बादलींत सांडतें, आणि गठ्ठ्याची कथा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नवा फिल्टर घातला असेल तर त्यांतून आधीं कांहीं लिटर पाणी वाहूं द्यावें, म्हणजे कोळशाची पूड निघून जाईल. पहिल्या दोन-तीन खेपांचा बर्फ मोरींत टाकावा. त्यांत नळींतला गाळ असतो. सरबताचे पेले त्यानंतर भरावेत.